चर्चची मंडळी : दोषांसकट घ्यावी का, आणि कुठवर?

अमुक चर्च कसं आहे असं विचारलं की उत्तर बहुधा उपदेशाबद्दल आणि गायनाबद्दल येतं. पाळक छान बोलतात, गायनवृंद सुरात आहे, उपासना वेळेवर संपते. रविवारच्या तासाभरात डोळ्यांना दिसतं ते हेच, म्हणून तेच आधी सांगितलं जातं. मंडळीत राहण्याचा खरा लाभ आणि खरा त्रास मात्र उरलेल्या सहा दिवसांत कळतो. हा आढावा त्या सहा दिवसांचा आहे. कॅथलिक धर्मग्राम (पॅरिश) असो, जुन्या प्रोटेस्टंट पंथाचं चर्च असो की भाड्याच्या हॉलमध्ये जमणारी नवी मंडळी असो. एकमेकांना न निवडलेली माणसं आठवड्यातून एकदा एका छताखाली येतात आणि एकमेकांची होऊ पाहतात, ही रचना सगळीकडे सारखीच. तिच्यात शिरावं का? आमचं उत्तर ठामपणे ‘हो’ असं आहे. पण लाभ नुसतं येऊन बसल्याने मिळत नाही, आणि काही दोष असे आहेत की ते पोटात घालणं हेच पाप ठरतं.

दुसऱ्या शतकाच्या मध्यावर रोममध्ये राहणाऱ्या जस्टिन मार्टिर या ख्रिस्ती लेखकाने रविवारच्या सभेचं वर्णन लिहून ठेवलं आहे. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तितके वाचायचे, मग प्रमुखाने बोध करायचा, सगळ्यांनी उभं राहून प्रार्थना करायची, भाकर आणि द्राक्षारस (आजचा प्रभुभोज) वाटून घ्यायचा. आजची उपासना ओळखू यावी इतकं हे जवळचं आहे. पण वर्णन तिथे संपत नाही. जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा सेवक घरी नेऊन देतात. ऐपत असलेले आपखुशीने देतात, ती रक्कम प्रमुखाकडे जमा होते आणि तिच्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदेत पडलेले आणि परमुलखातून आलेले यांची सोय होते.

मंडळी पारखायची ती या दुसऱ्या भागावरून. कुणाही जुन्या सभासदाला विचारा : घराबाहेर पडू न शकणारे आपल्याकडे किती आहेत आणि त्यांच्याकडे कोण जातं? ‘दर मंगळवारी अमुक दोघी जातात, महिन्यातून एकदा पाळक प्रभुभोज घेऊन जातात’ अशा तपशिलाने उत्तर आलं तर ती मंडळी जिवंत आहे. ‘पाळक बघतात’ एवढंच उत्तर आलं तर सगळा भार एका माणसावर आहे. दीडशे-दोनशे कुटुंबांच्या मंडळीत एका माणसाने आठवड्याला ५ घरं केली तरी सगळ्यांकडे एकदा जाऊन यायला सात ते नऊ महिने लागतात. तोवर ज्याला गरज होती त्याने ती एकट्यानेच भागवलेली असते, नाहीतर तो यायचाच बंद झालेला असतो.

लाभ नेमका कुठून येतो, यावर चांगलं संशोधन झालेलं आहे. चेयून लिम आणि रॉबर्ट पुटनम यांनी २०१० मध्ये अमेरिकेतल्या माहितीवरून दाखवलं की नियमित उपासनेला जाणारे आयुष्याबद्दल जास्त समाधानी आढळतात ते मुख्यतः मंडळीत त्यांचे जवळचे मित्र असतात म्हणून. दर रविवारी येऊनही ज्यांना तिथे एकही मित्र नाही, त्यांच्यात हा फरक जवळपास दिसत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या सुमारे ७४,५०० परिचारिकांची १६ वर्षांची माहिती तपासली गेली. आठवड्यातून एकाहून जास्त वेळा उपासनेला जाणाऱ्या स्त्रियांमध्ये मृत्यूचं प्रमाण कधीच न जाणाऱ्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी होतं. ही निरीक्षणावरची पाहणी आहे. उपासनेमुळेच आयुष्य वाढलं असं तिच्यावरून छातीठोकपणे म्हणता येत नाही, आणि देवाच्या दारात जाणाऱ्याने तो हिशेब मनात धरूनही जाऊ नये. पण दोन्ही पाहण्या एकत्र वाचल्या की एक गोष्ट पक्की होते : शेवटच्या बाकावर बसून आशीर्वादवचन होताच निघून जाणाऱ्याला मंडळीतलं बरंचसं मिळतच नाही. दहा वर्षं असं केलं तरी नाही. चांगला उपदेश आणि चांगलं गायन घरबसल्या फोनवरही ऐकता येतं. त्यासाठी कुठल्या मंडळीचं सभासद व्हायची गरज नाही.

म्हणून सर्वांत जास्त लक्ष छोट्या गटाकडे द्यावं. त्याला कुठे सेल म्हणतात, कुठे गृहसंगती, कुठे प्रार्थनागट. हा प्रकार कसा रुजला ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. १७४२ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या मेथडिस्ट पंथाच्या लोकांवर त्यांच्या सभागृहाचं कर्ज होतं. ते फेडायला प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी, बारा-बारा जणांचे गट करावेत आणि प्रत्येक गटातल्या एकाने घरोघर जाऊन पैसे गोळा करावेत, ज्याला जमणार नाही त्याची पेनी त्या एकानेच भरावी, असं ठरलं. दर आठवड्याला दारात उभं राहिल्यावर गोळा करणाऱ्यांना घरातली खरी अवस्था दिसू लागली : कोण आजारी आहे, कुठे भांडण चाललंय, कोण दारूकडे परत वळलाय. मेथडिस्टांचे पुढारी जॉन वेस्ली यांनी हे पाहिलं आणि त्याच गटांकडे एकमेकांच्या आत्मिक देखरेखीचं काम दिलं. काळजी घ्यायची तर आधी माहीत असावं लागतं, आणि माहीत व्हायला दर आठवड्याची गाठभेट लागते. प्रेमाबद्दलच्या वीस उपदेशांनी हे साधत नाही.

आठ ते बारा जणांचा गट चांगला चालतो. पंधराच्या वर संख्या गेली की तीन-चार जण बोलतात आणि बाकीचे श्रोते होतात. दीड तास पुरतो : पहिली वीस मिनिटं ख्यालीखुशाली, चाळीस मिनिटं शास्त्रपाठ आणि त्यावर बोलणं, उरलेला अर्धा तास प्रार्थना. गट बिघडतो तो बहुतेक ठरावीक कारणांनी. एक तर पुढाऱ्याला छोटा उपदेशच करायचा असतो. यावर उपाय म्हणजे पुढारीपण दर महिन्याला पाळीने फिरवणं आणि प्रश्न आधीच लिहून आणणं. दुसरं, वेळ पाळली जात नाही, म्हणून लहान मुलं असलेली आणि पहाटे कामावर जाणारी माणसं गळतात. तिसरं कारण सर्वांत घातक : इथे सांगितलेलं बाहेर जातं. एकदा तसं झालं की पुढची कित्येक वर्षं त्या गटात ‘माझ्या आईच्या गुडघ्यांसाठी प्रार्थना करा’ याच्या पलीकडे कुणी काही बोलत नाही. ‘इथलं इथेच राहील’ हे वाक्य दर बैठकीच्या सुरुवातीला मोठ्याने म्हणावं. औपचारिक वाटलं तरी म्हणावं.

नव्याने येणाऱ्याने सलग आठ रविवार यायचं ठरवावं. दर रविवारी सगळे येत नाहीत, त्यामुळे दोन महिन्यांशिवाय चेहरे पक्के होत नाहीत. उपासनेच्या पंधरा मिनिटं आधी पोचावं आणि नंतर वीस मिनिटं थांबावं, ओळखी तेवढ्या वेळातच होतात. मग हाताचं एखादं काम मागून घ्यावं : खुर्च्या मांडणं, गीतांची पुस्तकं गोळा करणं, माइकची मांडणी, दारावर उभं राहणं. ज्यांना गप्पा मारायला जमत नाही अशांसाठी तर हाच रस्ता, कारण शेजारी उभं राहून काम करताना बोलणं आपोआप निघतं. कमिटीवर मात्र पहिली दोन वर्षं जाऊ नये. नवा उत्साही माणूस दिसला की त्याला पद देण्याची घाई पुष्कळ मंडळ्या करतात, आणि मग तो माणूस मंडळी समजून घेण्याआधीच तिच्या भांडणांत एका बाजूला उभा केला जातो.

आजारपण आणि मृत्यू या वेळी मंडळी सर्वांत उजळून दिसते. बातमी लागताच माणसं येतात, दवाखान्यात रात्रीची पाळी लावतात, दफनाची सगळी व्यवस्था अंगावर घेतात. कुठल्याही पैसे घेणाऱ्या सेवेकडून हे इतक्या तत्परतेने आणि इतक्या मायेने होत नाही. पण इथेही एक ठरलेली उणीव आहे. पहिले पंधरा दिवस घर भरलेलं असतं. तिसऱ्या महिन्यात, जेव्हा विधवा झालेल्या बाईला रात्री झोप येत नाही आणि कागदपत्रांच्या खेपा घालायच्या असतात, तेव्हा कुणी नसतं. कुणाचं मन आटलेलं नसतं, नोंद ठेवलेली नसते इतकंच. उपाय साधा आहे. एका वहीत मृत्यूची तारीख लिहायची आणि तिच्यासमोर सहावा आठवडा, तिसरा महिना, सहावा महिना आणि वर्षदिन अशा चार भेटींसाठी नावं लिहून ठेवायची. भेट अर्ध्या तासाची पुरे. जिथे अशी वही आहे, त्या मंडळीत बाकीचं बरंच काही खपवून घ्यावं.

आता खपवून घेण्याच्या गोष्टींकडे. कुजबुज, गट-तट, जुन्या घराण्यांचा मान, त्याच त्या लोकांवर पडणारं काम, कमिटीच्या निवडणुकीतली कटुता हे जवळजवळ सगळीकडे आढळतं. ‘आरंभीची मंडळी अशी नव्हती’ असं कुणी म्हणालं तर त्याने नवा करार पुन्हा वाचावा. करिंथच्या मंडळीत ‘मी पौलाचा, मी अपुल्लोचा’ असे तट होते, आणि प्रभुभोजाला एक जण भुकेला राहत होता तर दुसरा पिऊन मस्त होत होता. याकोबाच्या पत्रात सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि गरिबाला पायाशी बसवलं जातं. फिलिप्पैमधल्या युवदिया आणि सुंतुखे या दोघींचं जमत नव्हतं, आणि पौलाने त्यांची नावं घेऊन विनंती केली आहे. ही पत्रं मंडळ्यांनी फाडून टाकली नाहीत, जपली आणि उपासनेत वाचली. आपले दोष मोठ्याने वाचून दाखवण्याची ही परंपरा ख्रिस्ती मंडळीच्या मोठ्या बळांपैकी एक आहे, आणि दोष झाकणारी मंडळी त्या बळालाच मुकते.

नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा सहावा अध्याय कमिटीवर असलेल्या प्रत्येकाने वाचावा. ग्रीक बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटणीत उपेक्षा होते अशी कुरकुर आली. प्रेषितांनी ती कुरकुर करणाऱ्यांना विश्वासात कमी ठरवलं नाही. त्यांनी मंडळीला सात माणसं निवडायला सांगितली आणि ते काम त्यांच्याकडे सोपवलं. त्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. तक्रार खरी धरली, काम वेगळं काढलं आणि माणसं नेमली. कामाचा थकवा असो की कुणाची उपेक्षा, क्रम हाच. त्यात एवढीच भर घालावी की प्रत्येक काम एक वर्षाच्या मुदतीने आणि दोघांकडे द्यावं. मुदत नसलेलं काम चांगल्या माणसाला पाच वर्षांत झिजवतं आणि वाईट माणसाला त्या कामाचा मालक बनवतं.

कुजबुजीचं एक रूप विशेष ओळखून ठेवावं : ‘प्रार्थनेसाठी म्हणून सांगते’ अशी सुरुवात करून तिसऱ्याच्या घरातलं सांगणं. हेतू कित्येकदा खरोखर चांगला असतो, इजा मात्र तितकीच होते. प्रार्थनेच्या यादीत किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाचं नाव घालण्याआधी त्या माणसाला विचारायचं, आणि आजाराचं नाव त्याने सांगितलं तरच लिहायचं.

भांडण झालं तर मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातल्या १५ ते १७ या ओव्या तीन पायऱ्या देतात : आधी एकट्याने जाऊन बोल, ऐकलं नाही तर आणखी एक-दोघांना घेऊन जा, तरीही नाही तर मंडळीला सांग. व्यवहारात पहिली भेट आठवड्याच्या आत, समोरासमोर व्हावी. मेसेजवर कधीच नको. लिहिलेल्या शब्दाला सूर नसतो आणि तो पुढे पाठवता येतो. एकाच प्रसंगाबद्दल बोलावं, मागची दहा वर्षं काढू नयेत, आणि आपल्याला काय हवं आहे ते एका वाक्यात सांगावं. दुसऱ्या पायरीवरचा माणूस दोघांनाही मान्य असावा, शक्यतो कमिटीबाहेरचा. तिसऱ्या पायरीवर सगळं तारखेसह लेखी द्यावं. भांडण चिघळतं ते पहिली पायरी गाळून थेट तिसरीवर, तीही कुजबुजीच्या वाटेने, गेल्यामुळे.

याच ओव्यांचा भयंकर गैरवापरही होतो. ज्याच्यावर अत्याचार झाला त्याला ‘आधी त्याच्याशी एकट्याने बोल’ असं सांगितलं जातं. त्या पायऱ्या दोन बरोबरीच्या भावांमधल्या अपराधासाठी आहेत; लेकराला किंवा दुबळ्याला त्याला छळणाऱ्यासमोर एकटं उभं करण्यासाठी नाहीत. तसंच, मंडळीच्या वडिलांविरुद्धचा, म्हणजे पुढाऱ्यांविरुद्धचा, आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय घेऊ नये हे नव्या करारात तीमथ्याला लिहिलेलं वाक्य तोंड बंद करायला वापरतात, आणि पाप करणाऱ्यांना सर्वांसमोर दोष द्यावा हे लगेच पुढचं वाक्य वाचत नाहीत.

इथे सहनशीलतेची हद्द संपते. २००२ मध्ये अमेरिकेत बॉस्टनमध्ये उघड झालेली, कॅथलिक धर्मगुरूंनी मुलांवर केलेल्या अत्याचाराची प्रकरणं घ्या, नाहीतर नोव्हेंबर २०२४ मध्ये इंग्लंडच्या चर्चचे प्रमुख धर्माधिकारी, कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांना ज्या चौकशी अहवालानंतर राजीनामा जाहीर करावा लागला तो घ्या. दोन्हीकडे एक गोष्ट समान आहे. अत्याचाराची माहिती वरच्यांपर्यंत पोचली होती, आणि जे करायला हवं होतं ते झालं नाही. मुलं सोपवण्याआधी म्हणून पुढच्या गोष्टी स्वतः पाहाव्यात. संडे स्कूलच्या वर्गात नेहमी दोन प्रौढ असतात का, आणि ते एकमेकांचे नातलग नाहीत ना? खोलीच्या दाराला काच आहे का? मूल कोणी सोडलं आणि कोणी नेलं याची सही घेतात का? शिकवणाऱ्यांची आधी चौकशी होते का, निदान सहा महिने ओळख झाल्याशिवाय वर्ग दिला जात नाही ना? तक्रार कुणाकडे करायची त्या व्यक्तीचं नाव भिंतीवर लावलंय का, आणि गुन्ह्याची तक्रार आधी पोलिसांकडे जाईल हे नियमात लिहिलंय का? हे विचारल्यावर कुणी दुखावलं, ‘इथे सगळे आपलेच आहेत’ म्हणालं, तर तेच तुमचं उत्तर.

मंडळी पापी माणसांचीच असते, या वचनाआड असा गुन्हा लपवणाऱ्यांनी इतिहास नीट पाहावा. ३०३ मध्ये रोमन साम्राज्यात सुरू झालेल्या ख्रिस्ती लोकांच्या छळात काही धर्माधिकाऱ्यांनी शास्त्राच्या प्रती सरकारच्या हवाली केल्या. अशांच्या हातचे संस्कार व्यर्थ आहेत, खरी मंडळी निर्मळांचीच, असं म्हणत उत्तर आफ्रिकेत डोनाटिस्ट वेगळे झाले. तिथलेच बिशप ऑगस्टिन यांनी त्यांना विरोध केला : गहू आणि निदण (तण) कापणीपर्यंत एकत्र वाढणार. ४११ मध्ये कार्थेजला झालेल्या सभेत निर्णय डोनाटिस्टांच्या विरोधात गेला. देवाची कृपा पाळकाच्या शुद्धतेवर अडून राहत नाही, हा या वादातून आपल्याला मिळालेला मोठा दिलासा आहे. पण त्यातून अपराध्याला पदावर राहू देण्याची परवानगी निघत नाही.

पैशाचं प्रकरण याहून सोपं, कारण तिथे चांगली पद्धत ठरलेली आहे. अर्पण उपासना संपताच, तिथेच, नात्यात नसलेल्या दोघांनी मोजावं. रकमेवर दोघांच्या सह्या. पुढच्या कामाच्या दिवशी बँकेत. मोजणारा, वहीत लिहिणारा आणि चेकवर सही करणारा एकच माणूस नको. चेकवर दोन सह्या, ऑडिट बाहेरच्याकडून, आणि वर्षाचा हिशेब सगळ्यांसमोर. कॅथलिक धर्मग्रामांसाठी १९८३ च्या धर्मविधी संहितेतला (कॅनन लॉ, म्हणजे चर्चचा कायदा) ५३७ वा नियम अर्थसमिती सक्तीची करतो आणि १२८७ वा नियम श्रद्धावंतांनी दिलेल्या दानाचा हिशेब त्यांना द्यायला सांगतो; म्हणजे विचारणं हा उद्धटपणा मुळीच नाही. चोरी बहुतेक वेळा अगदी विश्वासू माणसाच्या हातून होते, कारण त्याच्यावर कुणी नजर ठेवत नाही. पद्धत त्या माणसाचंही रक्षण करते. जिथे दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग) न देणाऱ्यांची नावं वाचली जातात, किंवा जास्त दिल्याने आजार बरा होईल असं सांगितलं जातं, तिथून निघावं.

अविवाहित, घटस्फोटित, मूल नसलेली आणि अपंग माणसं यांना बहुतेक मंडळ्या नीट सांभाळत नाहीत, हे स्पष्ट सांगायला हवं. सगळे कार्यक्रम कुटुंब धरून आखलेले असतात, चाकांच्या खुर्चीला रॅम्प असतो पण वेदीपाशी पायऱ्या असतात, ऐकू कमी येणाऱ्यांसाठी काहीच नसतं. अशांनी इमारतीपेक्षा छोटा गट आधी पाहावा आणि वयाप्रमाणे किंवा जोडप्यांप्रमाणे न पाडलेला, मिसळलेला गट मागावा.

सोडायचीच वेळ आली तर न सांगता गळून जाऊ नका. पाळकांना भेटून कारण सांगा, हातातलं काम, किल्ल्या आणि वह्या दुसऱ्याच्या ताब्यात द्या, सभासदत्वाचं पत्र लेखी मागा आणि छोट्या गटातल्या माणसांना स्वतः भेटून सांगा. त्यांच्याशी असलेलं नातं पत्रावर चालत नाही, ते टिकवता येतं. कारण अत्याचाराचं किंवा धमकीचं असेल तर यातलं काहीही करायची गरज नाही, सरळ बाहेर पडा आणि पोलिसांकडे जा. दुसरी मंडळी शोधायला तीन-चार महिन्यांहून जास्त लावू नका, कारण त्यानंतर रविवारची सकाळ दुसऱ्याच कामांनी भरते. नव्या ठिकाणी पहिल्या रविवारी थांबा, आणि घराबाहेर पडू न शकणाऱ्यांकडे कोण जातं ते विचारा. कुणी ‘तुम्ही याल का बरोबर?’ असं विचारलं तर जा.